महासाथीचे आकडे कोणाच्या ताब्यात?

जुलै २०२० मध्ये अमेरिकेत करोनाची उन्हाळी लाट ऐन भरात होती. ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा या राज्यांत अतिदक्षता विभागात जागा मिळेनाशी झाली होती. त्याच सुमारास, १० जुलैला, तिथल्या केंद्रीय आरोग्य खात्याने रुग्णालयांसाठीच्या सूचना बदलल्या. किती खाटा भरल्या, किती व्हेंटिलेटर मोकळे आहेत, करोनाचे किती रुग्ण दाखल झाले, ही माहिती रुग्णालये तोवर ‘सीडीसी’ या रोगनियंत्रण संस्थेला कळवत होती. १५ जुलैपासून ती सीडीसीला न देता खात्याकडे पाठवायची, असे फर्मान निघाले. तयारीला हाती पाच दिवस. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी छापली आणि एकच गदारोळ उठला.

एरवी हा बदल कोणाच्या लक्षातही आला नसता. पण चाचण्या जास्त म्हणून रुग्ण जास्त दिसतात, असे अध्यक्ष ट्रम्प सांगत होते. चाचण्यांचा वेग कमी करा असे आपण आपल्या माणसांना सांगितले, हे वाक्य तुलसा इथल्या जाहीर सभेत त्यांच्या तोंडून येऊन महिनाही झाला नव्हता. नोव्हेंबरात निवडणूक होती. अशा वेळी आकड्यांची वही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली, तर लोकांना संशय येणारच.

महासाथीत सरकारने रुग्णालयांकडून आकडे घ्यावेत की नाही, हा वाद नाही. घ्यायलाच हवेत, आणि सक्तीनेही घ्यायला हवेत. वाद आहे तो ज्याच्या कारभाराचे माप त्या आकड्यांनी काढायचे, त्याच्याच हाती मोजणी, साठवण आणि प्रसिद्धी ही तिन्ही असावीत का, याचा. करोनाकाळात वॉशिंग्टनपासून पणजीपर्यंत अनेक ठिकाणी हा प्रश्न उभा राहिला. त्यातून काय हाती लागले, हे आता शांतपणे पाहता येते.

वॉशिंग्टनमधला फेरबदल

खात्याची बाजू निव्वळ बनावट नव्हती, हे आधी मान्य करायला हवे. सीडीसीची जी प्रणाली वापरली जात होती, ती २००५ पासून रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाच्या नोंदींसाठी चालत आलेली. २९ मार्च २०२० ला उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी रुग्णालयांना पत्र लिहून रोजची करोनाची माहिती तिच्यात भरायला सांगितले. सगळी रुग्णालये ती भरत नव्हती. न आलेल्या माहितीची जागा सीडीसी संख्याशास्त्रीय अंदाजाने भरून काढी. व्हाइट हाउसच्या करोना कृतिगटाच्या समन्वयक डेबोरा बर्क्स यांना हे पसंत नव्हते. त्यांना प्रत्येक रुग्णालयाचा, प्रत्येक दिवसाचा प्रत्यक्ष आकडा हवा होता. औषधे आणि साहित्य कुठे पाठवायचे हे ठरवणाऱ्याला तो हवा असणे साहजिकच आहे.

त्यासाठी पर्यायी यंत्रणा एप्रिलपासूनच उभी राहत होती. पिट्सबर्गच्या ‘टेलीट्रॅकिंग’ या खासगी कंपनीला सुमारे १ कोटी २ लाख डॉलरचे कंत्राट मिळाले होते. जमा होणारी माहिती ‘एचएचएस प्रोटेक्ट’ नावाच्या भांडारात जाई, आणि त्यामागची यंत्रणा ‘पॅलंटिर’ या कंपनीची होती. टेलीट्रॅकिंगचे कंत्राट कसे दिले गेले, याबद्दल सिनेटर पॅटी मरे यांनी प्रश्न विचारले. रुग्णालयांच्या दृष्टीने खरी मेख वेगळीच होती. रेमडेसिविरचा वाटा ठरवताना याच मार्गाने आलेले आकडे धरले जातील, असे सूचनांत म्हटले होते. म्हणजे अर्ज भरला नाही, तर औषधाच्या हिशेबात तुम्ही नाही.

बदलानंतर काही दिवसांतच सीडीसीच्या संकेतस्थळावरून रुग्णालयांच्या क्षमतेचे तक्ते गायब झाले आणि ओरड झाल्यावर परत आले. मिसुरी आणि कॅन्सस इथल्या रुग्णालय संघटना ज्या आकड्यांवर राज्याचा तक्ता चालवत, ते त्यांना मिळेनासे झाले. राज्याराज्यांतले आकडे रोज गोळा करणाऱ्या ‘कोविड ट्रॅकिंग प्रोजेक्ट’ या स्वयंसेवी उपक्रमाला केंद्राचे आकडे विश्वासाला उतरेनात. रुग्णालयांतील संसर्गाबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या समितीच्या आजी-माजी सदस्यांनी धोक्याचा इशारा देणारे पत्र लिहिले. बावीस राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी निर्णय मागे घ्या म्हणून कळवले. सरकार मागे हटले नाही, उलट पकड घट्ट केली. माहिती न देणाऱ्या रुग्णालयाला मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनांमधून बाहेर काढले जाऊ शकते, असा नियम केला आणि ऑक्टोबरात तशा इशारापत्रांची घोषणा झाली. अमेरिकी रुग्णालयांच्या कमाईचा मोठा वाटा या दोन योजनांतून येतो. त्यामुळे ही धमकी पोकळ नव्हती.

इथून पुढची गोष्ट टीकाकारांनाही अनपेक्षित होती. ऑक्टोबरअखेर ‘एनपीआर’ या नभोवाणीने सरकारच्या अंतर्गत अहवालांची बातमी दिली. कोणत्या शहरातली कोणती रुग्णालये भरत आली आहेत, याचे तपशीलवार तक्ते रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोहोचत होते आणि लोकांना त्यातले काहीच दिसत नव्हते. दबाव वाढला. ७ डिसेंबर २०२० ला खात्याने देशातल्या हजारो रुग्णालयांची साप्ताहिक आकडेवारी, रुग्णालयाच्या नावानिशी, जाहीर केली. रुग्णाची ओळख फुटू नये म्हणून चारपेक्षा लहान आकडे झाकले होते, बाकी सारे उघडे. संशोधक आणि पत्रकार त्यावर तुटून पडले, चुका सापडल्या, त्या दुरुस्त झाल्या. तोवर केंद्राचे आकडे राज्यांच्या आकड्यांशी बऱ्यापैकी जुळू लागल्याचे कोविड ट्रॅकिंग प्रोजेक्टनेही नोंदवले. मार्च २०२१ मध्ये या उपक्रमाने काम थांबवले.

सत्तांतरानंतरही बायडेन प्रशासनाने ती यंत्रणा लगेच मोडली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ही नोंदणी सीडीसीकडे परत गेली. संशयाच्या छायेत जन्मलेली वही पुढे देशातली सर्वात उपयुक्त वही ठरली, ती मालक बदलल्यामुळे नव्हे. ती सगळ्यांना वाचायला मिळाली, म्हणून.

खाट म्हणजे नेमके काय?

आकडा लपवणे म्हणजे कोणीतरी कपाटाला कुलूप लावणे, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात आकडा बराच आधी, अर्ज भरताना, वाकतो. समजा, एखाद्या नर्सिंग होममध्ये ४० खाटा आहेत. ऑक्सिजनची नळी २२ खाटांपाशी पोहोचते. परिचारिका मात्र २८ खाटांपुरत्याच कामावर आहेत, कारण उरलेल्या स्वतःच आजारी आहेत. ३० रुग्ण दाखल आहेत. तर मोकळ्या खाटा किती? लोखंडी खाटा मोजल्या तर १०. परिचारिकांच्या हिशेबाने मोजल्या तर दोन रुग्ण जास्तीचेच आहेत. दारात श्वास लागलेला रुग्ण उभा असेल आणि ऑक्सिजनच्या खाटा भरलेल्या असतील, तर त्याच्यासाठी या दहाही खाटा कुचकामी. तिन्ही उत्तरे खरी आहेत. कोणते द्यायचे, हे अर्जाच्या रकान्यावर आणि तो भरणाऱ्याच्या समजुतीवर ठरते.

अशाच अडचणी पुढेही येतात. ‘संशयित’ आणि ‘बाधित’ एकत्र धरायचे की वेगळे? अहवाल यायच्या आधी दगावलेला रुग्ण कुठे लिहायचा? मूत्रपिंडाच्या आजारासाठी दाखल झालेला आणि वॉर्डात करोना लागलेला माणूस गेला, तर मृत्यूचे कारण कोणते? हा अर्ज भरणारा सहसा नोंदणी विभागातला कारकून, नाहीतर पाळी संपवून घरी निघालेली परिचारिका असते. तिला रकान्यांची व्याख्या पाठ व्हायला आठवडे लागतात. म्हणून महासाथीच्या मध्यावर पाच दिवसांच्या मुदतीत अर्ज बदलणे हे, हेतू कितीही शुद्ध असला तरी, आकडे बिघडवणे असते. बदलाआधीचा आणि नंतरचा आकडा एकमेकांशी जुळत नाही, आणि रेष वर जाते आहे की खाली, हेच कळेनासे होते.

ब्राझील आणि ब्रिटन

थेट आकडे झाकण्याचा उघडा प्रयोग ब्राझीलमध्ये झाला. जून २०२० च्या पहिल्या आठवड्यात बोल्सोनारो सरकारने रोजचे पत्रक रात्री दहापर्यंत लांबवले. तोवर दूरचित्रवाणीवरच्या मुख्य बातम्या संपलेल्या असत. मग आरोग्य खात्याचे संकेतस्थळ बंद पडले आणि परत आले ते एकूण रुग्ण व एकूण मृत्यू गाळून, फक्त गेल्या चोवीस तासांचे आकडे घेऊन. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मोठ्या वृत्तपत्रांनी आणि वृत्तसंकेतस्थळांनी एकत्र येऊन राज्यांच्या आरोग्य विभागांकडून स्वतः आकडे गोळा करायला सुरुवात केली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अलेक्झांद्रे दे मोराइस यांनी पूर्वीप्रमाणे संपूर्ण माहिती द्यायचा आदेश दिला. काही दिवसांत आकडे जागेवर आले. एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. राज्यांकडे स्वतःच्या नोंदी होत्या म्हणूनच वृत्तपत्रांना बेरीज करता आली. सारे एकाच नळाने येत असते, तर नळ बंद झाल्यावर न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्यापलीकडे काही उरले नसते.

ब्रिटनमध्ये मामला सौम्य होता, म्हणून जास्त शिकवणारा आहे. एप्रिल २०२० अखेर रोज एक लाख चाचण्या करू, असा शब्द आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी दिला होता. ३० एप्रिलच्या चाचण्यांचा १ लाख २२ हजार हा आकडा जाहीर झाला. त्यात सुमारे ४० हजार चाचण्या अशा होत्या, ज्यांची किट नुसती रवाना झाली होती. सांख्यिकी प्राधिकरणाचे अध्यक्ष सर डेव्हिड नॉरग्रोव्ह यांनी जूनमध्ये मंत्र्यांना जाहीर पत्र लिहून या मांडणीची हजेरी घेतली. पुढे ऑगस्टमध्ये, चाचणीनंतर २८ दिवसांत झालेलाच मृत्यू करोनाचा धरायचा, असे ठरले आणि अधिकृत बळींचा आकडा एका दिवसात पाच हजारांहून अधिकने उतरला. हा बदल वादग्रस्त होता. पण जुनी व्याख्या काय, नवी काय, फरक किती, हे त्याच दिवशी छापले गेले, आणि मृत्युदाखल्यांवर आधारलेला दुसरा आकडा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय स्वतंत्रपणे देतच होते. मंत्र्याला जाहीर पत्र लिहिण्याचा अधिकार असलेली संस्था असणे, हा खरा फरक.

आपल्याकडचा हिशेब

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला ग्रंथिक ज्वराचे निदान केले ते मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. त्यांचे निदान मान्य व्हायला वेळ गेला. त्याच साथीतून १८९७ चा साथरोग कायदा आला, आणि १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, राज्य सरकारने करोनाचे नियम केले ते त्याच कायद्याखाली. आरोग्य अधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून करोनाविषयी माहिती प्रसृत करायला या नियमांनी मनाई केली. हेतू अफवा रोखण्याचा होता. पण अफवा आणि अडचणीची बातमी यांत भेद कोणी करायचा, याचे उत्तरही सरकारच देणार होते.

महाराष्ट्राने आकडे दडपले, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. १६ जून २०२० ला राज्याने आधी न धरलेले १,३२८ मृत्यू एकदम जाहीर केले. त्यांपैकी ८६२ मुंबईचे होते. विरोधकांनी लपवाछपवीचा आरोप केला, सरकारने ताळमेळाचे कारण दिले. पण आकडा सरकारी पत्रकातच आला, हेही खरे. राज्याच्या रोजच्या पत्रकात आणखी एक ओळ असे, जी बहुतेकांनी वाचलीच नाही. आज नोंदलेल्या मृत्यूंपैकी इतके गेल्या ४८ तासांतले, इतके गेल्या आठवड्यातले आणि उरलेले त्याआधीचे. म्हणजे ‘आज’चा आकडा आजचा नाही, हे पत्रक स्वतःच सांगत होते. दूरचित्रवाणीच्या पट्टीवर ही ओळ कधी आली नाही.

तमिळनाडूने जुलै २०२० मध्ये चेन्नईचे ४४४ मृत्यू नव्याने जोडले. बिहारने जून २०२१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाच्या रेट्यानंतर बळींचा आकडा साडेपाच हजारांच्या आतून एकदम ९,४२९ वर नेला. दुसऱ्या लाटेत गुजरातमध्ये पत्रकारांनी मोजणी स्वतःच्या हाती घेतली. ‘दिव्य भास्कर’ने १ मार्च ते १० मे २०२१ या काळात दिलेले मृत्युदाखले मोजले, तर ते सुमारे १ लाख २३ हजार निघाले. आदल्या वर्षी याच काळातले होते ५८ हजारांच्या आसपास. सरकारी हिशेबात या ७१ दिवसांतले करोनाबळी होते ४,२१८.

गोव्यातला प्रसंग वेगळ्या धर्तीचा. मे २०२१ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पहाटे दोन ते सहा या वेळात रुग्ण दगावत होते. ११ मे रोजी २६ जण गेल्याचे आरोग्यमंत्री विश्वजीत राणे यांनीच सांगितले आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी, अशी मागणी केली. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांचे म्हणणे, तुटवडा नाही, सिलिंडर वेळेवर वॉर्डात पोहोचत नाहीत. सरकारच्या दोन तोंडांतून दोन गोष्टी आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठापुढे सुनावणी सुरू झाल्यावर पुरवठ्याचा तपशील कागदावर आला.

त्यानंतर दोन महिन्यांनी, २० जुलै २०२१ ला, राज्यसभेत केंद्राने सांगितले की ऑक्सिजनच्या तुटवड्याने मृत्यू झाल्याचे राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेले नाही. हे उत्तर देणाऱ्या तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री भारती पवार तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. त्याच नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिलला टाकीच्या गळतीने प्राणवायू तुटून वीसहून अधिक रुग्ण गेले होते. उत्तर शब्दशः खोटे नव्हते. नाशिकची घटना अपघात म्हणून नोंदली गेली, आणि मृत्यूच्या अर्जात ‘ऑक्सिजनअभावी’ असा रकानाच नव्हता. जे विचारलेच नाही, ते कळवले गेले नाही. मग जे कळवले नाही, ते घडले नाही असे धरले गेले. महासाथीतल्या सरकारी आकड्यांचा हा सर्वात मोठा दोष: खोटे बोलावे लागत नाही, रकाना न ठेवला की पुरते.

जे बोलत होते, त्यांच्यावर काही ठिकाणी कारवाईची भाषा झाली. उत्तर प्रदेशात ऑक्सिजन नसल्याच्या ‘अफवा’ पसरवणाऱ्यांवर कडक कायदे लावण्याचे इशारे दिले गेले. ३० एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने बजावले की समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या नागरिकांचा आवाज दाबला, तर तो न्यायालयाचा अवमान धरला जाईल. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या खाटांच्या याद्या सरकारी डॅशबोर्डपेक्षा बरेचदा ताज्या असत. डॅशबोर्डवर मोकळी दिसणारी खाट फोन केल्यावर भरलेली निघे. मुंबईत वॉर्डनिहाय वॉर रूममार्फत खाटा द्यायला सुरुवात झाली, तेव्हा खाट मोजणारा आणि खाट देणारा एकच झाला. आकडा चुकला, तर त्याच माणसाला रुग्णाच्या नातलगाला तोंड द्यावे लागे. त्याने आकडा आपसूक सुधारला.

उशिरा आलेली बेरीज

खरी बेरीज किती, याचा अंदाज नंतर हळूहळू आला. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या आदेशानंतर मृतांच्या कुटुंबांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक अर्ज आले होते. अधिकृत मृत्यू होते १ लाख ४१ हजार. भरपाईसाठीची व्याख्या जास्त व्यापक होती, त्यामुळे सगळी तफावत लपवाछपवीच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण गुजरातमध्ये दहा हजारांच्या आसपास अधिकृत मृत्यू आणि ऐंशी हजारांहून अधिक अर्ज, ही दरी केवळ व्याख्येची नव्हे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मध्ये भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. अधिकृत आकडा ४ लाख ८१ हजार होता. भारत सरकारने संघटनेच्या गणिती पद्धतीवर आक्षेप घेतला. अंदाजावर आक्षेप घेता येतो, त्याला उत्तर म्हणून स्वतःची मोजणी वेळेत मांडावी लागते. २०२१ ची नागरी नोंदणीची आकडेवारी प्रसिद्ध झाली ती मे २०२५ मध्ये. तिच्यानुसार २०२० मध्ये ८१ लाखांच्या वर मृत्यू नोंदले गेले होते, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात वीस लाखांहून अधिक वाढ. त्यात नोंदणी सुधारल्याचा वाटा असेल, पण सारी वाढ तिने भरून निघत नाही. आणि डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू २०२० मध्ये एकूण नोंदींच्या २२.५ टक्के होते. उरलेल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांच्या मृत्यूचे वैद्यकीय कारण कोणत्याच वहीत नाही.

या साऱ्यातून निष्कर्ष निघतो तो असा. आकडे केंद्राकडे जावेत की राज्याकडे, खात्याकडे की संस्थेकडे, हा दुय्यम प्रश्न आहे. सीडीसीचीही प्रणाली अपुरी होती आणि मंत्र्यांच्या खात्याचीही पुढे उपयोगी ठरली. महत्त्वाचे आहे ते हे की रुग्णालयाला जशी माहिती देण्याची सक्ती आहे, तशी सरकारला ती प्रसिद्ध करण्याची सक्ती आहे का. आपल्याकडे पहिली सक्ती करण्याचा अधिकार सरकारला १८९७ पासून आहे, दुसरी सक्ती आजही नाही. परीक्षार्थीने स्वतःचाच पेपर तपासून गुणही स्वतःच जाहीर करावेत, अशी ही व्यवस्था आहे.

करण्याजोग्या गोष्टी फार नाहीत आणि महागही नाहीत. खाट, दाखल रुग्ण आणि मृत्यू यांच्या व्याख्या साथ नसतानाच ठरवाव्यात आणि साथीत बदलल्या, तर जुना व नवा आकडा काही आठवडे शेजारी-शेजारी छापावा. रुग्णालयनिहाय आकडे ठरलेल्या दिवशी आपोआप खुले व्हावेत. लहान आकडे झाकून रुग्णाची गोपनीयता कशी राखायची, हे अमेरिकेने दाखवले आहे. मृत्युनोंदणीचे मासिक आकडे महापालिका आणि जिल्ह्यांनी त्याच महिन्यात द्यावेत. ते त्यांच्या संगणकात असतातच. आरोग्य खात्याच्या मांडणीवर जाहीरपणे बोट ठेवू शकेल, अशी स्वायत्त सांख्यिकी संस्था हवी. आणि परवानगीवाचून माहिती देण्यास मनाई करणारे कलम साथरोगाच्या नियमांतून जायला हवे. खोट्या माहितीसाठी इतर कायदे पुरेसे आहेत.

या मागण्या करायची वेळ पुढच्या साथीत येत नसते. तेव्हा सरकारला वेळ नसतो आणि लोकांना श्वास नसतो. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला आजच विचारावे: गेल्या महिन्यात आपल्या शहरात किती मृत्यू नोंदले गेले, आणि तो आकडा मला कुठे पाहता येईल? सध्या बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर माहिती अधिकाराचा अर्ज केल्याशिवाय मिळत नाही.